सात नंबरची हजेरी

मंगळवार, ९ जानेवारी

पुस्तक परत करायला गेलो होतो. परत केलं नाही.

सकाळी हिने शाळेत शिकवायला निघताना ते माझ्या टेबलावर ठेवलं. लॅटिनचं पहिलं पुस्तक, लेकीची वही आणि वाचनालयाचा शिक्का असलेलं एक बंद पाकीट. "आज मंगळवार आहे," म्हणाली, आणि गेली. आमच्यात हल्ली एवढंच बोलणं होतं. वार, गॅस, दार लावून घ्या. मी समजलो — पुस्तक वाचनालयाचं आहे, ज्याचं त्याला द्यायला हवं. पाकीट उघडलं नाही. तिचं आहे.

लेक नोव्हेंबरपासून या वर्गाला जात होती. दर मंगळवारी सहा ते साडेसात. नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या मुलीला लॅटिन कशाला, असं मनात आलं होतं. विचारायचं राहिलं. चार वर्ग झाले तिचे. मग ताप. नऊ दिवस रुग्णालयात — माझ्याच रुग्णालयात. औषधं मीच खालच्या खिडकीतून वर नेत होतो. बारा डिसेंबरला गेली. एकोणतीस पूर्ण होती. एकतीस डिसेंबरला मी रिटायर झालो. चौतीस वर्षं त्या खिडकीत काढली. निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं, लोकांनी ऐकलं.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. दहा खुर्च्या, एक फळा. बाई साठीच्या पुढच्या, उंच, बाहीला खडू लागलेला. मी दारातून म्हटलं, मी सात नंबरकडून आलोय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेकीने ७ लिहून ठेवलंय, म्हणून. पुढचं बोलायच्या आत बाईंनी "बसा" म्हटलं आणि हजेरी सुरू केली. त्या नावं घेत नाहीत. नावं विसरतात, नंबर विसरत नाहीत म्हणे. नावांची यादी खाली कार्यालयात असते.

सात म्हटल्यावर कोणी बोललं नाही. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नाताळच्या सुट्टीचा मंगळवार सोडून सलग पाचवी गैरहजेरी. नियमाप्रमाणे नंबर कापावा लागेल." आणि लाल पेन्सिल उचलली.

"हजर," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी तिचे वडील. ती सध्या येऊ शकत नाही, तिच्यासाठी उतरवून घेतो. बाईंनी थोडा विचार केला. असं कोणी पहिल्यांदाच आलंय, पण नियमात बसत नाही असंही नाही, म्हणाल्या. लाल पेन्सिल खाली ठेवली. "आठ?"

आठ नंबर गैरहजर.

बुधवार, १० जानेवारी

खोटं बोललो नाही. येऊ शकत नाही हे खरंच आहे. 'सध्या' तेवढं जास्त झालं.

मंगळवार, १६ जानेवारी

गेलो. पुस्तक भाजीच्या पिशवीत घातलं, वर वर्तमानपत्र. हिला वाटत असेल, पुस्तक परत गेलं.

वर्गात हजर म्हणायचं नसतं. 'अद्सुम' म्हणायचं. शेजारच्या सहा नंबरने कानात सांगितलं. हा निवृत्त दंतवैद्य आहे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. मी शक्यतो ओठ मिटून ऐकतो.

आज नामाच्या विभक्त्यांची उजळणी. फळ्यावर 'स्तेला' — तारा. स्तेला, स्तेलाम, स्तेलाय. शाळेत स-ला-ते घोकलं होतं ते पन्नास वर्षांनी कामाला आलं. आपल्या आठ, त्यांच्या सहा. आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी, तिघींचं काम त्यांनी एकीवरच टाकलंय. स्टाफ कमी असला की असंच होतं.

आठ नंबर आजही नाही. मी दंतवैद्याला विचारलं, मग आठही कापणार का? तो म्हणाला, छे. आठ एकदाही आलेला नाही. ज्याची एकसुद्धा हजेरी नाही, त्याची गैरहजेरी कुठून मोजणार? तो अजून सुरूच झालेला नाही. सुरू न झालेला माणूस कापता येत नाही. बाईंचाच नियम.

अशी माणसं असतात. खिडकीतही पाहिलीत. औषध बांधून घ्यायचं, आणि पुडकं तिथेच विसरून जायचं.

घरी येऊन लेकीची वही उघडली. तिचं शेवटचं पान २८ नोव्हेंबरचं. 'रोसा' म्हणजे गुलाब. एकवचनाची रूपं लिहून झालीत, अनेकवचनाचा रकाना आखून ठेवलाय. पट्टीने. रकाना रिकामा. तो मी भरला नाही. पान उलटलं आणि पुढे माझी टिपणं लिहिली. पाकीट खूण म्हणून आत ठेवलं.

मंगळवार, २३ जानेवारी

स्तेला पाठ. दुसऱ्या गटातली नामं अर्धी पाठ.

फुलवाली म्हणून एक बाई आहेत, नंबर तीन. चौकात त्यांचं फुलांचं दुकान आहे, झाडांची नावं लॅटिनमध्ये असतात म्हणून शिकतात. सुटल्यावर थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीची छत्री माझ्याकडे राहिलीय, निळी. मी म्हटलं, द्या, मी नेतो. नको म्हणाल्या. "तिलाच देईन. मला तिचे आभारही मानायचेत. माझे शब्द तिनेच पाठ करून घेतले."

छत्री दर मंगळवारी आणतात. खुर्चीच्या पाठीला अडकवतात.

मंगळवार, ३० जानेवारी

आज एक गोष्ट झाली.

बाई शब्दयोगी अव्ययं शिकवत होत्या. 'आन्ते' म्हणजे आधी, 'पोस्त' म्हणजे नंतर. दोन्हींच्या पुढे द्वितीया येते. उदाहरण म्हणून लिहिलं — आन्ते किबुम. पोस्त किबुम. जेवणाआधी. जेवणानंतर.

ए.सी. आणि पी.सी.! चौतीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर रोज शंभर वेळा वाचलं. औषधनिर्माणाच्या पदविकेला असताना पाठ केलं होतं, त्यानंतर ती नुसती अक्षरं झाली. ए.सी. दिसलं की तोंड आपोआप "जेवणाआधी" म्हणायचं. त्यात 'किबुस' नावाचा एक शब्द आहे, त्याला अन्न म्हणतात, आणि 'आन्ते'च्या पुढे आला म्हणून त्याचं शेपूट बदललंय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बी.डी. म्हणजे बिस दिए, दिवसातून दोनदा. एच.एस. म्हणजे होरा सोम्नी, झोपेच्या वेळी. चिठ्ठीच्या डोक्यावरची ती आरसारखी खूण म्हणजे 'रेकिपे'. आज्ञार्थ. घे.

लेक सात-आठ वर्षांची असताना खिडकीशी येऊन बसायची. बाबा, बी.डी. म्हणजे काय? म्हटलं, दोनदा. तसं नाही, बी कोण आणि डी कोण? मी म्हटलं, रांग बघ केवढी आहे.

रांग खरंच मोठी होती.

बुधवार, ३१ जानेवारी

बी म्हणजे बिस, डी म्हणजे दिए.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

क्रियापदं सुरू. ओ, स, त, मुस, तिस, न्त. पोर्तो — मी नेतो. पोर्तास — तू नेतोस. पोर्तात — तो नेतो, ती नेते, दोन्ही एकच. उभं राहून एका दमात म्हणायचं. मी 'पोर्तातिस'ला अडलो. दंतवैद्य म्हणाला, "सात नंबरच्या गृहपाठात चुका वाढल्यात. मुलगी बरी होती." लोक हसले. मीही हसलो.

बरीच होती.

मंगळवारी सकाळी खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलेला असतो. ही इस्त्री मंगळवारी करत असावी.

रविवार, ११ फेब्रुवारी

जेवताना हिने विचारलं, जमतंय का? मी दचकलो. काय, म्हटलं. जे चाललंय ते, म्हणाली. म्हटलं, जमतंय. तिने आणखी पोळी वाढली. शिवणयंत्रावर बसली, तासभर शाळेतल्या मुलींचे झगे शिवत होती.

रिटायर झालेल्या माणसाला बायका हे विचारतातच.

मंगळवार, २० फेब्रुवारी

'असणे' हे क्रियापद लॅटिनमध्येही वाकडंच चालतं. सुम, एस, एस्त. मग कळलं — अद्सुम म्हणजे 'मी हजर आहे'. मी. म्हणजे दर मंगळवारी मी खरंच बोलतो. नंबर तेवढा दुसऱ्याचा.

आठ नंबर नाही. बाई तरी दर वेळी आठ म्हणून थांबतात. चांगल्या तीन-चार सेकंद. आज मला त्याचा रागच आला. जागा अडवून ठेवायची आणि यायचं नाही. जिला यायचं होतं, ती राहिली.

मंगळवार, ५ मार्च

भूतकाळ. मध्ये 'बा' घालायचा. पोर्ताबात — नेत असे, नेत होती. बाई म्हणाल्या, हा एकदाच घडून संपलेल्या गोष्टीसाठी नाही. जे रोज चालायचं, सवयीचं होतं, त्यासाठी.

प्रत्येकाने एक वाक्य करायचं. माझी पाळी आली. म्हटलं, फिलिया रोसाम पोर्तात. मुलगी गुलाब नेते.

बाई म्हणाल्या, वाक्य बरोबर, पण आजचा धडा भूतकाळाचा आहे. 'पोर्ताबात' म्हणा. मी म्हटलं, अजून जमत नाही. त्या म्हणाल्या, सोपं आहे, मध्ये फक्त 'बा' घाला. मी उभा राहिलो. दंतवैद्याने खालून दोनदा सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाठ करून येतो.

एवढा सोपा शब्द. बाईंनी माझ्याकडे बघत फळा पुसला.

बुधवार, ६ मार्च

पोर्ताबाम, पोर्ताबास, पोर्ताबात. न्हाणीघरात म्हटलं. जमलं.

मंगळवार, १९ मार्च

अंगात ताप. एकशे एक. तरी गेलो. सलग चार मंगळवार चुकवायची मुभा आहे, हे माहीत होतं. तरी गेलो.

मंगळवार, २ एप्रिल

एकवीस मेला परीक्षा. बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. नंबरांची यादी महिनाअखेर पाठवायची. ज्याचा नंबर, त्याने स्वतः बसायचं. कार्यालयाने दिलेलं ओळखपत्र आणायचं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, मुलगी येईल ना तोवर? एवढे महिने तुम्ही तिची टिपणं घेतलीत, वाया जायला नकोत.

म्हटलं, बघू.

फुलवालीने छत्री खुर्चीवरून काढून मांडीवर घेतली. येईल हो, म्हणाली.

रविवार, ७ एप्रिल

तीन मार्ग आहेत. एक, जायचं बंद करायचं. पाच मंगळवार जातील आणि बाई लाल पेन्सिल उचलतील, मी तिथे नसेन. दोन, सांगायचं — म्हणजे त्या लाल पेन्सिल माझ्यादेखत उचलतील. तीन, 'बघू' म्हणत राहायचं. तिसरा तीस तारखेपर्यंतच चालेल.

तिचा नंबर अजून कुठे चालू असेल, तर तो बाईंच्या हजेरीच्या वहीत. फोन बंद झाला. ऑफिसने तिची खुर्ची दुसऱ्याला दिली. द्यायलाच हवी.

मंगळवार, १६ एप्रिल

आज सांगायचं ठरवून गेलो. वाक्य तयार होतं. बाईंनी सात म्हटलं, तोंडातून अद्सुम निघालं. सवय.

हजेऱ्या मोजल्या. माझ्या पंधरा. तिच्या चार.

मंगळवार, २३ एप्रिल

सांगितलं.

बाई सात म्हणाल्या. मी उभा राहिलो. म्हटलं, सात नंबर येणार नाही. ती बारा डिसेंबरला वारली. मी पहिल्या दिवशी पुस्तक परत करायला आलो होतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग मी इतके दिवस हजेरी कुणाची लावतेय?"

"तिची."

"आणि तुम्ही?"

"मला नंबर नाही."

दंतवैद्य खाली बघत होता. पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग वही माझ्याकडे सरकवली — आजचा धडा त्याने आधीच उतरवून आणला होता. बघून घ्या, म्हणाला, माझ्यात चुका कमी असतात.

बाईंनी लाल पेन्सिल घेतली नाही. हजेरी पुढे नेली. आठ म्हणाल्या, थांबल्या, नऊ म्हणाल्या. तास नेहमीसारखाच घेतला. सुटल्यावर मला थांबवून म्हणाल्या, नंबर नसलेल्याला परीक्षेला बसता येत नाही, शुक्रवारी कार्यालयात जाऊन नवा नंबर घ्या. मी म्हटलं, मला परीक्षा द्यायची नाही. त्या म्हणाल्या, "पंधरा मंगळवार आलात ते उगाच? ताप घेऊन आला होतात, मला दिसलं होतं." आणि फळा पुसायला वळल्या.

खाली आलो तर फुलवाली जिन्याशी उभी. तिने छत्री माझ्या पिशवीत नीट उभी करून ठेवली. पुस्तकावर घातलेलं वर्तमानपत्र काढून दुमडलं आणि माझ्या हातात दिलं.

शुक्रवार, २६ एप्रिल

कार्यालयात गेलो. कारकुनाला नाव सांगितलं. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, नवा नंबर कशाला? तुमचा अर्ज आहे की. नोव्हेंबरपासून. आठ नंबर.

अर्ज लेकीच्या अक्षरात. माझं नाव, माझा व्यवसाय. वर्गाला येणार — जानेवारीपासून, निवृत्तीनंतर. शिकण्याचा हेतू — 'चौतीस वर्षं चिठ्ठ्यांवर जे वाचलं, ते काय होतं हे कळावं.' कधी जेवताना बोललो असेन. मला आठवत नाही.

खाली सात नंबरचा अर्ज होता. तोही वाचला. शिकण्याचा हेतू — 'बाबा एकटे जाणार नाहीत.'

कारकून म्हणाला, सातच्या ओळीतल्या पंधरा हजेऱ्या आठच्या ओळीत घेतो, तुमच्या नंबरावर घ्या असा बाईंचा निरोप आलाय. सातच्या चार राहतील. त्यापुढे रेघ मारावी लागेल, चालेल ना? म्हटलं, चालेल. त्याने पट्टी घेऊन मारली. ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, ते मुलीकडेच दिलं होतं, पाकिटात घालून.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने यंत्र थांबवलं.

"म्हणजे तुम्ही पाकीट न बघताच जात होतात?"

"हो."

"मला वाटलं, ते बघूनच जायला लागलात. मी शर्ट काढून ठेवत होते." मग म्हणाली, "इतके दिवस कुणाच्या नावावर बसलात?"

सांगितलं. नंतर ती कपडे घेऊन गच्चीवर गेली.

पाकीट उघडलं. ओळखपत्र आहे. नवी वही काढली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, वर ८ लिहिलं. 'रोसा'ची एकवचनं तिच्या वहीत झालेली आहेत. पहिल्या पानावर पट्टीने रकाना आखला आणि अनेकवचनापासून सुरुवात केली.